व्हर्जिनियातलं हँडगन परमिट: पाच वर्षांनी सर्किट कोर्टाकडे पुन्हा अर्ज करताना

पाकिटातलं परमिट बाहेर काढा आणि त्यावरची शेवटची तारीख वाचा. बाकीचा लेख त्यानंतर वाचलात तरी चालेल. नूतनीकरण करताना अडकलेली जी मराठी मंडळी मला भेटली (मीही त्यांतलाच), त्यांतलं कुणी कायद्यात अडकलं नव्हतं. कुणी तारखेत अडकलं होतं, कुणी पत्त्यात.

व्हर्जिनियात राहणारा, हँडगन अंगावर झाकून बाळगण्याचं परमिट आधीच हातात असलेला आणि आता पहिल्यांदाच ते नवं करायला निघालेला माणूस डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय. मेरीलँड आणि डीसीवाल्यांनी यातलं काही उचलू नये, तिथले नियम पार वेगळे आहेत. बंदूक बाळगावी की नाही, हा वाद मी इथे काढत नाही. आमच्या घरातच तो अजून मिटलेला नाही.

हे काम कोर्टाकडे कसं?

भारतातून आलेला माणूस इथेच पहिला चक्रावतो. महाराष्ट्रात शस्त्र परवाना म्हटला की पोलीस आयुक्तालय, आणि जिथे आयुक्तालय नाही तिथे जिल्हाधिकारी कार्यालय. व्हर्जिनियात अर्ज थेट सर्किट कोर्टाच्या (म्हणजे आपल्या काउंटीच्या किंवा शहराच्या कोर्टाच्या) क्लर्ककडे जातो. पोलीस तपासणी करून कोर्टाला कळवतात आणि परमिट कोर्टाकडून निघतं. साऱ्या अमेरिकेत हेच चालतं असंही नाही. जॉर्जियात प्रोबेट कोर्ट हे काम बघतं, डेलावेअरमध्ये सुपीरियर कोर्ट, पेनसिल्व्हेनियात शेरीफ. दुसऱ्या राज्यातल्या मेव्हण्याचा अनुभव चहाबरोबर जरूर ऐकावा, फॉर्म भरताना मात्र तो बाजूला ठेवावा.

आणखी एक फरक. आपल्याकडच्या परवान्यावर हत्याराची नोंद असते. इथल्या परमिटवर कुठल्याही बंदुकीचा उल्लेखच नसतो. नाव, पत्ता, जन्मतारीख, उंची, वजन, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, सही आणि तारखा, एवढंच. परमिट माणसाला मिळतं, बंदुकीला नाही. मधल्या पाच वर्षांत तुम्ही जुनं पिस्तूल विकून नवं घेतलं असेल तर त्याबद्दल नूतनीकरणात कुणी विचारत नाही.

‘कोर्ट’ शब्दाने धसका घेऊ नका. न्यायाधीशापुढे उभं राहायचं नाही, वकील लागत नाही. पहिल्या वेळी क्लर्कच्या खिडकीपर्यंत गेला असाल, नूतनीकरणाला तेवढीही गरज नाही. आधी परमिट मिळालेल्या माणसाने पुन्हा अर्ज करताना प्रत्यक्ष हजर राहायची सक्ती नाही, टपालाने अर्ज पाठवता येतो, असं कायद्यातच लिहिलं आहे.

१८० आणि ९० या दोन आकड्यांची गोष्ट

परमिट पाच वर्षांचं असतं. संपण्याच्या किती आधी अर्ज करावा, याला कायद्याने एक खिडकी ठेवली आहे: जुनं परमिट संपण्याआधी जास्तीत जास्त १८० दिवस आणि कमीत कमी ९० दिवस. या मुदतीत अर्ज कोर्टात पोचला, तर नवं परमिट जुनं संपेल त्या तारखेपासून लागू होतं. म्हणजे तुमचा एकही दिवस बुडत नाही आणि एकही दिवस उघडा पडत नाही.

हिशेब करून दाखवतो. समजा परमिट २० ऑक्टोबर २०२७ ला संपतंय. १८० दिवस मागे गेलं की २३ एप्रिल येते, ९० दिवस मागे गेलं की २२ जुलै. या दोन तारखांच्या मध्ये अर्ज कोर्टाला *मिळाला* पाहिजे. पोस्टात टाकल्याची तारीख इथे धरत नाहीत. मी असतो तर मे महिन्यात पाठवून मोकळा झालो असतो. जूनमध्ये शाळा सुटतात, अर्धी मंडळी भारतात जातात, आणि २२ जुलै उजाडते तेव्हा आपण पुण्यात कुणाच्या तरी लग्नात किंवा बँकेच्या केवायसीच्या रांगेत असतो.

खिडकी चुकली तर अर्ज घेतच नाहीत असं नाही. घेतात. फक्त नवं परमिट जुन्याच्या शेवटच्या तारखेला बेमालूम जोडून मिळेल, ही हमी उरत नाही. फार लवकर केलात तर पाच वर्षांतले काही महिने फुकट जाऊ शकतात, आणि फार उशीर केलात तर मध्ये खंड पडू शकतो. मुदत संपल्यावर सवलतीचे दिवस मिळत नाहीत. नॅशनल गार्डमधल्या किंवा लष्करातल्या माणसाचं परमिट तो मोहिमेवर असताना संपलं, तर परतल्यावर त्याला ९० दिवस मिळतात. आपण सॉफ्टवेअरवाले त्यात बसत नाही.

फॉर्मवर ईमेलसाठी एक जागा असते. ती ऐच्छिक आहे, तरी भरा आणि मुदतीची सूचना हवी असं कळवा. ज्या कोर्टाची संगणक यंत्रणा असे ईमेल पाठवू शकते, त्याच्या क्लर्कने मुदत संपायच्या किमान ९० दिवस आधी कळवावं, असं कायदा सांगतो. आता गंमत बघा: ती सूचना नेमकी ९० व्या दिवशी आली, तर खिडकी बंद होण्याच्या बेतात असते. शिवाय सूचना आली नाही म्हणून परमिटची मुदत वाढत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. तेव्हा स्वतःच्या कॅलेंडरवर भिस्त ठेवलेली बरी.

खंड पडला तर काय बिघडतं?

‘चार आठवडे परमिट नव्हतं, तर पिस्तूल घरी ठेवलं, संपलं’ असं मला वाटायचं. प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परमिट नसताना हँडगन झाकून बाळगणं हा पहिल्या खेपेलाही क्लास १ मिस्डिमीनर आहे, म्हणजे कमी दर्जाच्या गुन्ह्यांतला सगळ्यात वरचा वर्ग. सवयीने जॅकेटखाली लावून बाहेर पडलात आणि कालच मुदत संपलेली असली, तरी गुन्हा तोच. गाडीत न्यायची असेल तर परमिटविना एक मार्ग आहे: कायदेशीररीत्या बंदूक बाळगू शकणाऱ्या माणसाने स्वतःच्या खासगी गाडीत ती बंद डब्यात किंवा कप्प्यात ठेवावी. तिथवर ठीक.

खरी मेख शाळेची आहे. शाळेच्या आवारात बंदूक नेणं व्हर्जिनियात फेलनी, म्हणजे गंभीर दर्जाचा गुन्हा आहे. परमिटधारकाला त्यातून एक छोटी सूट मिळते. मुलाला सोडायला-आणायला गेलात आणि गाडीतच बसून असलात, तर पार्किंगमध्ये किंवा गाड्यांच्या वळणावर झाकलेली हँडगन जवळ असलेली चालते. परमिट संपलं की ही सूट त्याच दिवशी संपते. त्यावर केंद्राचा वेगळा कायदा आहे. शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगायला तो मनाई करतो आणि त्या राज्याचा परवाना असलेल्याला सोडतो. आपल्या उपनगरांमध्ये १,००० फुटांत शाळा नाही असा रस्ता शोधून दाखवा! म्हणजे खंडाच्या दिवसांत डब्याबाहेरची भरलेली बंदूक घेऊन किराणा आणायला निघालेला माणूसही अडचणीत येऊ शकतो. बंदूक रिकामी करून, कुलूपबंद डब्यात ठेवून नेणं हा त्या दिवसांतला बिनघोर मार्ग.

मराठी मंडळांचे कार्यक्रम बहुतेक वेळा भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या सभागृहात होतात, मराठी शाळाही शनिवार-रविवारी कुठल्याशा शाळेच्या वर्गातच भरते. सुट्टीचा दिवस असला तरी आवार शाळेचंच असतं. आणि चालू परमिट खिशात असलं तरी गाडीतून बंदुकीसह उतरायची मुभा तिथे नाही.

कोणतं कोर्ट? पत्ता बघून ठरवू नका

अर्ज तुम्ही *आज* जिथे राहता त्या काउंटीच्या किंवा शहराच्या सर्किट कोर्टात जातो. पाच वर्षांपूर्वी परमिट कुणी दिलं होतं, याला महत्त्व नाही. मी नेमकी हीच चूक केली. मधल्या काळात आम्ही एका काउंटीतून शेजारच्या काउंटीत घर घेतलं होतं. परमिट ज्या कोर्टाने दिलं तेच नवं करणार, असं धरून मी जुन्या कोर्टाला लिफाफा पाठवला, तोही सप्टेंबरमध्ये, म्हणजे खिडकी बंद झाल्यावर. काही दिवसांनी तो सविनय परत आला. दुसऱ्या कोर्टात नव्याने पाठवेपर्यंत ऑक्टोबर लागला, आणि पुढचे कित्येक आठवडे पिस्तूल तिजोरीत आणि मी बायकोची टोमणेबाजी ऐकत.

व्हर्जिनियात आणखी एक चकवा आहे. इथे ९५ काउंट्या आणि ३८ स्वतंत्र शहरं आहेत, आणि स्वतंत्र शहर कुठल्याही काउंटीत मोडत नाही. त्यात टपालाचे पत्ते या सीमा मानत नाहीत. पत्त्यात ‘अलेक्झांड्रिया’ लिहिणारी हजारो घरं प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत आहेत. ‘फॉल्स चर्च’चंही तसंच. उलट जे खरोखर फॉल्स चर्च शहराच्या हद्दीत राहतात, त्यांचं सर्किट कोर्ट आर्लिंग्टनला आहे. फेअरफॅक्स शहर आणि फेअरफॅक्स काउंटी कागदावर वेगळी, सर्किट कोर्ट मात्र एकच. हर्न्डन, व्हिएन्ना, लीसबर्ग ही ‘टाउन’ आहेत, ती काउंटीतच मोडतात. पहिली दोन फेअरफॅक्समध्ये, लीसबर्ग लाउडनमध्ये. लाउडनचं सर्किट कोर्टही लीसबर्गलाच आहे.

घोळ टाळायची एक सोपी युक्ती सांगतो: गाडीचा पर्सनल प्रॉपर्टी टॅक्स तुम्ही कुणाला भरता ते बघा. त्या बिलावर ज्या काउंटीचं किंवा स्वतंत्र शहराचं नाव असेल, तिथलं सर्किट कोर्ट तुमचं.

घर बदललं पण परमिट संपायला अजून दोन-तीन वर्षं असतील, तर नूतनीकरण लागत नाही. ज्या कोर्टाने परमिट दिलं त्याच कोर्टाच्या क्लर्ककडे चालू परमिट आणि नव्या पत्त्याचा पुरावा दिला की बदली परमिट मिळतं, त्याला जास्तीत जास्त १० डॉलर पडतात. म्हणजे पत्ताबदल जुन्या कोर्टात, नूतनीकरण नव्या कोर्टात. माझ्या डोक्यात या दोन गोष्टींचीच सरमिसळ झाली होती.

लिफाफ्यात काय घालायचं

फॉर्मचं नाव एसपी-२४८. तो स्टेट पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो आणि राज्यभर तोच चालतो. पाच वर्षांपूर्वी उतरवून ठेवलेली प्रत वापरू नका, नवी काढा. व्हर्जिनियाचे बहुतेक नवे कायदे दरवर्षी १ जुलैला लागू होतात आणि फॉर्मही त्यांच्यामागे बदलतात. फॉर्मबरोबर ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्टची प्रत (पासपोर्ट अमेरिकेचा, भारताचा नव्हे), जुन्या परमिटची दोन्ही बाजूंची प्रत आणि फी. बस.

बोटांचे ठसे, फोटो, शेजाऱ्यांची शिफारसपत्रं, बंदुकीच्या पावत्या यांतलं काहीही नको. फॉर्मने मागितलं नसेल ते क्लर्कने किंवा कोर्टाने मागू नये, असा दंडकच आहे. आपण भारतीय मंडळी ‘असू दे, कामाला येईल’ म्हणून सतरा झेरॉक्स जोडतो. इथे जाडजूड लिफाफ्याने काम लवकर होत नाही.

प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. १ जानेवारी २०२१ पासून निव्वळ ऑनलाइन किंवा व्हिडिओ बघून केलेला कोर्स चालत नाही, प्रत्यक्ष हजर राहून केलेला लागतो. हे ऐकून जुने परमिटधारक घाबरतात. पण त्याच कायद्यात असंही आहे की हँडगन हाताळण्याचं कौशल्य एकदा सिद्ध केलं की पुन्हा सिद्ध करावं लागत नाही आणि त्याच्या पुराव्याची मुदत संपत नाही. म्हणून जुन्या परमिटची प्रत महत्त्वाची. मूळ प्रमाणपत्र सापडलं तर हाताशी ठेवा, नाही सापडलं म्हणून घर उलथंपालथं करू नका. कायद्याला नवा कोर्स नको असला तरी रेंजवर एखादी शनिवार सकाळ घालवा. पाच वर्षं पट्ट्याला लावून फिरलेल्या आणि त्यात दोनदाच गोळी झाडलेल्या माणसाचा नेम किती ढळलेला असतो, ते मला स्वतःच्या टार्गेटच्या कागदावरून कळलं.

नाव नीट लिहा. आपल्या नावांचा गोंधळ सरकारी संगणकाला झेपत नाही. भारतीय पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे पूर्ण आलेलं असतं, ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचं एक अक्षर उरतं, जुन्या परमिटवर ते गळलेलंच असतं. माझा आग्रह असा की जे ओळखपत्र परमिटबरोबर रोज दाखवणार आहात, त्यावरचं नाव अक्षर-अक्षर तसंच फॉर्मवर उतरवा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर आधी लायसन्स बदलून घ्या, मग फॉर्मला हात लावा.

नागरिकत्वाच्या प्रश्नाला आजची स्थिती लिहा. परदेशी नागरिकाला हे परमिट मिळतं ते कायम वास्तव्याचा हक्क, म्हणजे ग्रीन कार्ड असेल तरच. एच-१बी, एल-१, एफ-१ वाल्यांना ते मिळत नाही. केंद्राचा कायदा तर अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक जवळ ठेवायलाच मनाई करतो. घरातली दुसरी व्यक्ती अजून व्हिसावर असेल, तर तिजोरीची किल्ली कुणाकडे असते याचाही विचार करा.

‘हो’ आणि ‘नाही’चे प्रश्न

फॉर्ममध्ये अपात्रतेच्या कारणांवर प्रश्न असतात. पाच वर्षांपूर्वी सगळ्याला ‘नाही’ लिहिलं होतं म्हणून आज डोळे मिटून तेच लिहू नका. महत्त्वाच्या बाबतीत खोटं लिहिलं तर ती शपथेवर दिलेली खोटी साक्ष धरतात. तो फेलनी दर्जाचा गुन्हा आहे, आणि ग्रीन कार्डवाल्याला तो परमिटपेक्षा कितीतरी महाग पडेल.

आपल्या लोकांना नेहमी पडणारी शंका वेगात गाडी चालवल्याची. व्हर्जिनियात ताशी ८५ मैलांच्या वर गेलात की ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ लागतं, आणि ते साधं तिकीट नसून क्लास १ मिस्डिमीनर असतं. पाच वर्षांत दोन मिस्डिमीनर झाले आणि त्यांतला एक क्लास १ असला, तर परमिट मिळत नाही. तरी घाबरू नका: मोटार वाहन कायद्याखालचे मिस्डिमीनर या मोजणीत धरत नाहीत, आणि रेकलेस ड्रायव्हिंग त्याच कायद्यात येतं. दारू पिऊन गाडी चालवणं मात्र फौजदारी संहितेत आहे. अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत त्याची शिक्षा झाली असेल तर अर्ज करूच नका, सार्वजनिक ठिकाणी दारूच्या नशेत सापडून शिक्षा झाली असली तरी तसंच.

गांजाचा मामला जास्त फसवा आहे. जुलै २०२१ पासून व्हर्जिनियात २१ वर्षांवरच्या माणसाने थोडासा गांजा जवळ ठेवणं राज्याच्या कायद्याने गुन्हा नाही. केंद्राच्या कायद्याने तो अजूनही बेकायदा आहे, आणि तो घेणाऱ्याला बंदूक बाळगायला मनाई आहे. ‘राज्यात चालतं की’ हे उत्तर इथे चालत नाही.

मानसिक आरोग्याबद्दल लोक उगाच गप्प बसतात. निवासी संस्थेत राहून मानसिक आजारावर किंवा व्यसनावर उपचार घेतले असतील, तर पाच वर्षं परमिट मिळत नाही. समुपदेशकाकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसणं यात येत नाही. परमिटच्या भीतीने कुणी ते बंद करू नये. संरक्षण आदेश, म्हणजे प्रोटेक्टिव्ह ऑर्डर, तुमच्यावर लागू असेल किंवा जुन्या खटल्याचा निकाल नेमका काय लागला होता हे आठवत नसेल, तर फॉर्म बाजूला ठेवा आणि वकिलाला अर्ध्या तासाचे पैसे द्या.

पैसे

क्लर्कचे १० डॉलर, स्थानिक पोलिसांच्या तपासणीचे जास्तीत जास्त ३५, स्टेट पोलिसांचे जास्तीत जास्त ५. एकूण ५० च्या वर जाऊ शकत नाही. नेमकी किती आणि कशी भरायची, हे तुमच्या कोर्टाच्या पानावर बघा. टपालाने रोख रक्कम पाठवू नका.

लिफाफा गेल्यावर

परतीची पावती मिळेल असं टपाल करा. काही डॉलर जास्त जातात, पण अर्ज कोणत्या दिवशी पोचला हे तुमच्याकडे लिहिलेलं राहतं, आणि पुढचे सगळे दिवस तिथून मोजायचे आहेत. पोस्टात जाताना पिस्तूल घरी ठेवा, टपाल खात्याच्या नियमांत ते न्यायला मनाई आहे. स्वतः कोर्टात जाणार असाल तर तेच: कोर्टाच्या इमारतीत परमिटधारकालाही शस्त्र नेता येत नाही. परमिटचा अर्ज द्यायला परमिटची वस्तू घेऊन जाणारा माणूस सुरक्षारक्षकांच्या चर्चेचा विषय होतो.

अर्ज अपुरा असेल किंवा फी चुकली असेल तर कोर्टाने लगेच कळवायचं असतं. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ४५ दिवसांत परमिट निघालं पाहिजे, नाहीतर कारण दाखवून नकार आला पाहिजे. दोन्ही झालं नाही तर क्लर्कने अर्जाच्या प्रतीवर ४५ दिवस उलटल्याचा दाखला द्यायचा आणि ती प्रत पाच कामाच्या दिवसांत तुम्हाला टपालाने किंवा ईमेलने पाठवायची. तो दाखला घातलेला कागद सरकारी फोटो ओळखपत्राबरोबर परमिटसारखाच चालतो, फक्त ९० दिवस. बऱ्याच लोकांना ही तरतूद माहीत नसते आणि ते ४६ व्या दिवसापासून नुसती चिडचिड करत बसतात. क्लर्क ऑफिसला फोन करून सौम्य शब्दांत त्या दाखल्याची आठवण करा.

नकार आला तर त्या आदेशात कारण लिहिलेलं असतं. २१ दिवसांच्या आत लेखी मागणी केली तर न्यायाधीशासमोर तोंडी सुनावणी मिळते. स्वतःचा वकील नेता येतो, कोर्ट तो देत नाही. तिथेही जमलं नाही तर पुढे कोर्ट ऑफ अपील्स आहे. नावांच्या साधर्म्यामुळे दुसऱ्याच कुणाची नोंद आपल्या माथी आली असेल, तर ही सुनावणी मागितलीच पाहिजे.

कार्ड आल्यावर

आधी स्पेलिंग बघा, मग लागू होण्याची तारीख. खिडकीत अर्ज केला असेल तर नवं कार्ड पुढच्या तारखेचं असू शकतं, म्हणून जुनं फाडून टाकू नका. तोवर दोन्ही पाकिटात राहू द्या. कार्डावर फोटो नसतो. बंदूक अंगावर असताना कार्ड आणि फोटो ओळखपत्र दोन्ही जवळ हवीत, आणि पोलिसाने मागितलं की दोन्ही दाखवायची. घरी विसरलात तर २५ डॉलरचा दंड बसू शकतो. पोलिसाने न विचारता ‘माझ्याकडे बंदूक आहे’ असं सांगायचं बंधन व्हर्जिनियात नाही. गाडी थांबवली तर मी तरीही सांगतो, हात स्टिअरिंगवर ठेवून, पण ही माझी पद्धत झाली. कार्ड लॅमिनेट करायला हरकत नाही. हरवलं तर घाबरायचं कारण नाही, क्लर्ककडे नोटरी केलेलं निवेदन आणि ५ डॉलर दिले की दुसरं मिळतं.

नव्या कार्डाच्या उत्साहात पोटोमॅक नदी ओलांडू नका. मेरीलँड आणि डीसी दोन्ही व्हर्जिनियाचं परमिट मानत नाहीत. आर्लिंग्टनहून पूल ओलांडून चेरी ब्लॉसम बघायला जाणं आपल्याला गावातल्या गावात फिरल्यासारखं वाटतं, पण बंदुकीच्या बाबतीत ते दुसऱ्या देशात जाण्यासारखंच आहे. व्हर्जिनियातही खासगी जागेच्या मालकाने ‘नको’ म्हटलं की विषय संपला, मग ते दुकान असो, मंदिर असो की मित्राचं घर. २०२० पासून काउंट्यांना आणि शहरांना आपल्या इमारती, बागा, कम्युनिटी सेंटरांत बंदूकबंदी करायचा अधिकार मिळाला आहे आणि उत्तर व्हर्जिनियात असे नियम झालेले आहेत. कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये बारसं असेल तर दारावरची पाटी वाचा. रेस्टॉरंटमध्ये झाकलेली हँडगन घेऊन बसता येतं, पण मग दारूचा एक घोटही नाही.

आणि घर. गणपतीत पंचवीस-तीस माणसं येतात, त्यांतली निम्मी दहा वर्षांच्या आतली, आणि आरती संपली की ती कुठल्याही खोलीत घुसतात. भरलेली बंदूक १४ वर्षांखालच्या मुलाच्या जिवाला धोका होईल अशी निष्काळजीपणे उघड्यावर सोडणं व्हर्जिनियात क्लास १ मिस्डिमीनर आहे. आमच्याकडे त्या दिवशी बंदूक तिजोरीत आणि गोळ्या वेगळ्या कपाटात असतात, दोन्ही किल्ल्या बायकोच्या कमरेला.

येत्या पाच वर्षांत राज्य सोडणार असाल तर एवढं लक्षात असू द्या: नूतनीकरणाच्या दिवशी तुम्ही व्हर्जिनियाचे रहिवासी नसाल, तर सर्किट कोर्टाकडे तुमचं काम नाही. बाहेरच्या राज्यात राहणाऱ्यांचं परमिट स्टेट पोलीस देतात, अर्ज वेगळा, आणि फी १०० डॉलरपर्यंत.